हेडर एकीकडचे, लायब्ररी दुसरीकडची

मराठी मजकूर पडद्यावर मांडणारा एक लहानसा प्रोग्राम मी गेली काही वर्षे डेबियन या लिनक्स वितरणावर सांभाळतो आहे. त्यात रफार, वेलांट्या आणि जोडाक्षरे योग्य जागी बसवण्याचे काम हार्फबझ ही लायब्ररी, म्हणजे इतर प्रोग्रामांना वापरता येणारा तयार कोडचा संच, करते, तर शब्द मराठी वर्णक्रमाने लावण्याचे काम आयसीयू करते. या दोन लायब्रऱ्यांमुळेच डेव्ह पॅकेजांकडे, म्हणजे लायब्ररी वापरून प्रोग्राम बांधण्यासाठी लागणाऱ्या पॅकेजांकडे, मी काळजीपूर्वक पाहू लागलो.

डेबियनमध्ये हार्फबझचे दोन मुख्य भाग वेगवेगळ्या पॅकेजांत येतात. ‘लिबहार्फबझ०बी’ या पॅकेजात प्रोग्राम चालताना लागणारी लायब्ररी असते आणि ‘लिबहार्फबझ-डेव्ह’मध्ये हेडर फायली (लायब्ररीतल्या फंक्शनांची ओळख कंपायलरला करून देणाऱ्या), लायब्ररी कुठे आहे ते सांगणाऱ्या पीकेजी-कॉन्फिग या साधनाला लागणारी माहिती आणि प्रोग्रामला लायब्ररी जोडणाऱ्या लिंकरला लायब्ररीपर्यंत नेणारा बिनक्रमांकाचा दुवा असतो. प्रोग्राम नुसता वापरणाऱ्याला हेडर लागत नाहीत, म्हणून ही फोड केलेली आहे. फेडोरा या दुसऱ्या वितरणातही ती ‘डेव्हेल’ या नावाने आढळते. डेव्ह पॅकेज आपल्या लायब्ररीच्या तंतोतंत त्याच आवृत्तीवर अवलंबून असते, आणि ही अट मला सर्वांत मोलाची वाटते, कारण तिच्यामुळे एका आवृत्तीचे हेडर आणि दुसऱ्या आवृत्तीची लायब्ररी अशी जोडी जुळतच नाही.

ती जोडी मी स्वतःच्या हाताने जुळवली होती. रंगीत अक्षररूपे रंगवण्याची सोय हार्फबझच्या ७.० या आवृत्तीत आली, पण डेबियन १२ म्हणजे बुकवर्ममध्ये ६.० होती. मला ती सोय हवी होती, म्हणून मी नवा स्रोत घेऊन तो बांधला आणि थेट /यूएसआर/लोकलमध्ये, म्हणजे पॅकेजांच्या व्यवस्थेबाहेरच्या जागी, बसवला. कंपायलर तिथले हेडर आधी पाहतो आणि प्रोग्राम चालवतानाही तिथली लायब्ररी आधी सापडते, त्यामुळे माझ्याकडे सारे सुरळीत चालले. तोच प्रोग्राम एका मित्राच्या बुकवर्मवर मात्र ‘अनडिफाइन्ड सिम्बॉल’ एवढे सांगून बंद पडला. दोन्ही आवृत्त्यांचे सोनेम, म्हणजे लायब्ररीने स्वतःविषयी जाहीर केलेले नाव आणि त्यातला क्रमांक, एकच होते. म्हणून त्याच्याकडची जुनी लायब्ररी विनातक्रार उघडली गेली, आणि नवे फंक्शन तिच्यात नव्हते.

सोनेम बदलला नाही याचा अर्थ एवढाच की जुने प्रोग्राम नव्या लायब्ररीवर चालतील; नवे प्रोग्राम जुन्या लायब्ररीवर चालतील असे वचन त्यात नसते. ही उणीव भरून काढण्यासाठी डेबियनमध्ये सिम्बॉल्स फाइल असते. कोणते फंक्शन कोणत्या आवृत्तीपासून आहे याची नोंद तीत ठेवलेली असते, आणि पॅकेज बांधताना डीपीकेजी-श्लिबडेप्स हा प्रोग्राम ती वाचून किमान आवृत्तीची अट आपोआप लिहितो. हार्फबझचे नीट पॅकेज करून मी त्यावर बांधणी केली असती, तर मित्राच्या संगणकावर पॅकेजे बसवणाऱ्या ॲप्टने प्रोग्राम बसवण्याआधीच नकार दिला असता.

आयसीयूची रीत याच्या उलट आहे. तिचा सोनेम प्रत्येक मोठ्या आवृत्तीबरोबर बदलतो: डेबियन ११ म्हणजे बुल्सआयमध्ये लिबआयसीयू६७, बुकवर्ममध्ये ७२ आणि डेबियन १३ म्हणजे ट्रिक्सीमध्ये ७६. फंक्शनांच्या नावांमागेही हाच क्रमांक लागतो आणि तो हेडरमधूनच येतो, म्हणून प्रत्येक बदलाच्या वेळी तिच्यावर अवलंबून असलेली पॅकेजे पुन्हा बांधावी लागतात. हे काम शक्य तिथे स्रोताला हात न लावता, केवळ फेरबांधणी करून होते, आणि ते शक्य होते कारण डेव्ह पॅकेजाचे नाव क्रमांकाविना नुसते ‘लिबआयसीयू-डेव्ह’ असे आहे. पीएनजी चित्रे हाताळणाऱ्या लिबपीएनजीचे डेव्ह पॅकेज पूर्वी ‘लिबपीएनजी१२-डेव्ह’ या नावाने असे. ज्या पॅकेजांनी बांधणीच्या अटींत ते नाव लिहिले होते, त्यांना १६ कडे जाताना आपली अट सुधारावी लागली. दोन आवृत्त्या खरोखरच शेजारी शेजारी सांभाळायच्या नसतील, तर डेव्ह पॅकेजाच्या नावात क्रमांक घालू नये, असे माझे ठाम मत आहे. १९ जानेवारी २०३८ नंतरच्या वेळा ३२ बिटांच्या यंत्रांवरही मोजता याव्यात म्हणून २०२४ मध्ये मोठे स्थित्यंतर झाले, तेव्हा सुरक्षित जोडणीसाठीच्या ‘लिबएसएसएल३’चे ‘लिबएसएसएल३टी६४’ झाले, पण ‘लिबएसएसएल-डेव्ह’ हे नाव जसेच्या तसे राहिले.

आता मी बांधणी एसबिल्ड या साधनाने, कोऱ्या वातावरणात करतो. तिथे मूलभूत साधनांखेरीज केवळ बांधणीच्या अटींत लिहिलेली पॅकेजेच बसवली जातात, त्यामुळे एखादे डेव्ह पॅकेज लिहायचे राहिले तर बांधणी तिथेच थांबते आणि चूक माझ्यापुरतीच राहते. ट्रिक्सीमध्ये हार्फबझ १०.२ असल्याने रंगवण्याची ती सोय आता वितरणातूनच मिळते. /यूएसआर/लोकलमधली जुनी प्रत मी पुसून टाकली, प्रोग्राम पुन्हा बांधला आणि नवे पॅकेज मित्राकडे पाठवले आहे. अवलंबित्वांच्या यादीत लिबहार्फबझ०बीच्या पुढे किमान आवृत्तीची अट या वेळी लिहिलेली आहे.