सफरचंदाचं क्रंबल: मोहन, पण थंड

रविवार, ऑक्टोबर

बाजारात हिमाचल-काश्मीरची सफरचंदं ढिगांनी आली आहेत. कापून खायला छान, पण क्रंबलमध्ये, म्हणजे फळांच्या सारणावर मैदा-लोणी-साखरेचा चुरा पसरून भाजलेल्या गोड पदार्थात, ती एकटी घातली तर सारण नुसतं गोडमिट्ट होतं. हा पदार्थ मूळ ब्रिटनचा. तिथे त्यासाठी ब्रॅम्ली नावाचं सणसणीत आंबट सफरचंद वापरतात. ते शिजलं की अगदी लगदा होतं, आणि त्या आंबट लगद्यावरच वरचा गोड चुरा शोभतो. इथे ८०० ग्रॅममध्ये निम्मी हिरवी ग्रॅनी स्मिथ घ्यावीत. नाही मिळाली तर एका मोठ्या लिंबाचा रस पिळावा, त्यात काटकसर नको.

सालं काढून दीड सेंटीमीटरच्या फोडी करायच्या. त्यांना ५० ग्रॅम साखर, मूठभर बेदाणे, चमचाभर दालचिनीपूड, दोन लवंगांची पूड, पाव चमचा सुंठ आणि किसलेलं चिमूटभर जायफळ लावायचं. जायफळ जास्त झालं तर कडवटपणा येतो. साखर लागली की फळाला पाणी सुटतं आणि घोटाळा इथूनच सुरू होतो. ते पाणी ओव्हनमध्ये उकळतं, वाफ वर चढते आणि चुऱ्याचा खालचा थर कच्च्या कणकेसारखा चिकट राहतो. म्हणून फोडी आधी पसरट कढईत, झाकण न ठेवता, पाच-सात मिनिटं परतून रस आटवायचा. मग पूर्ण गार करायच्या. गरम फळावर चुरा पसरला तर लोणी भट्टीत जायच्या आधीच वितळतं.

आता चुरा. १५० ग्रॅम मैदा, १०० ग्रॅम लोणी, ७५ ग्रॅम साखर. लोणी खारं असेल तर वेगळं मीठ नको. शंकरपाळ्यांना आपण कडकडीत मोहन घालतो, कारण तूप पिठात सगळीकडे सारखं भिनायला हवं असतं. इथे नेमकं उलटं: लोणी फ्रिजमधून काढलेलं, घट्ट, बारीक तुकडे केलेलं. बोटांच्या टोकांनीच चोळायचं, तळव्यांनी नाही. तळवे गरम असतात. परीक्षा मात्र मोहनाचीच. मूठ दाबली की मुटका वळला पाहिजे आणि बोट लावताच फुटला पाहिजे. पिठाचा गोळा व्हायला लागला तर हात थांबवून भांडं १५ मिनिटं फ्रिजमध्ये ठेवावं. पाणी घालायचा मोह अजिबात नको, नाहीतर बिस्किटासारखा एकसंध पापुद्रा होईल. साखर शेवटी मिसळायची. दोन चमचे जाडा रवा घातला तर कुरकुरीतपणा जास्त वेळ टिकतो. हे काही विलायती शास्त्रात बसत नाही, पण जमतं.

२० सेंटीमीटरच्या, जरा खोल काचेच्या भांड्यात फळ घालून चुरा वरून सैल भुरभुरायचा. दाबायचा नाही, वाफेला वाट हवी. ओटीजी (घरचा छोटा विजेचा ओव्हन) १८० अंशांवर आधी तापवून घ्यावा, दोन्ही रॉड चालू ठेवावेत, भांडं मधल्या कप्प्यात. ३५ ते ४० मिनिटं. लहान ओटीजीत वरचा रॉड जवळ असतो, त्यामुळे विसाव्या मिनिटालाच रंग येतो आणि माणूस फसतो. तेव्हा वर फॉइल सैल टाकावी. रंगापेक्षा कडेला रस दाटसर बुडबुडतोय का ते पाहावं. तो दिसल्याशिवाय बाहेर काढू नये.

काढल्यावर १५ मिनिटं हात लावायचा नाही. तेवढ्यात रस आळतो.

ब्रिटनमध्ये जानेवारी १९४० पासून लोणी-साखरेवर रेशन आलं. ‘पाय’ या सारण भरून भाजलेल्या विलायती पदार्थाच्या आवरणापेक्षा चुऱ्याला पीठ आणि लोणी कमी लागतं, म्हणून त्या काळात क्रंबल घरोघरी रुळलं. सोबतीला कस्टर्डच. आपल्याकडे फ्रूट कस्टर्डला वापरतो तीच पावडर: दोन मोठे चमचे, आधी गार दुधात कालवून, मग अर्धा लिटर उकळत्या दुधात. थेट गरम दुधात टाकली की गुठळ्या ठरलेल्या.

उरलेलं क्रंबल उद्या मायक्रोवेव्हमध्ये नको, मऊ पडतं. ओटीजीतच दहा मिनिटं.