सिंत्रा गावात संत्र्याचा माग

आमची संत्र्याची बाग वरुडजवळ. शाळेत असताना एका सरांनी सांगितलं होतं की 'संत्रं' हा शब्द पोर्तुगालमधल्या सिंत्रा गावावरून आला. तेव्हापासून ते गाव डोक्यात घर करून होतं. यंदा जानेवारीत लिस्बनला जायचा योग आला आणि दुसऱ्याच दिवशी रोसिओ स्थानकावरून सिंत्राची गाडी पकडली. पाऊण तासाच्या आत पोहोचलो.

गाव फार देखणं. राजवाड्याची दोन शंकूसारखी पांढरी धुराडी, वर डोंगरावर अरबांनी बांधलेला किल्ला, सगळीकडे धुकं आणि ओलसर हिरवं रान. पेना राजवाड्याच्या उद्यानात कॅमेलिया फुलल्या होत्या. मला मात्र हवी होती संत्र्याची झाडं. दिवसभर फिरलो, बाग म्हणावी अशी एकही दिसली नाही. इतक्या धुक्याच्या, थंड गावाचं नाव आपल्या उन्हाळी मुलखातल्या फळाला कसं लागलं असेल, हा प्रश्न तिथे उभं राहिल्यावरच मनात आला.

खरं सांगायचं तर शंका आधीपासून होतीच. बाबराने हिंदुस्थानातल्या फळांचं वर्णन लिहिलं आहे आणि त्यात 'संगतरा' येतो. बाबर 1530 मध्ये वारला. पोर्तुगीज कालिकतला उतरले 1498 मध्ये. तेवढ्या तीसेक वर्षांत एका पोर्तुगीज गावाचं नाव समुद्रकिनाऱ्यावरून उत्तरेत जाऊन, तिथे रुळून, इथलंच फळ म्हणून बाबराच्या कानावर पडावं, हे मला पटत नाही. सरांची गोष्ट सोडून देताना वाईट वाटलं, पण सोडली.

ती गोष्ट इतकी टिकली का, हे मात्र समजण्यासारखं आहे. या फळांना गावांची नावं चिकटतातच. मोसंबी हे नाव मोझांबिकवरून आलेलं. जाताना इस्तंबूलला विमान बदललं, तिथे रसाच्या गाडीवर 'पोर्ताकाल' म्हणून ओरडत होते, म्हणजे पोर्तुगालच! गोड संत्रं चीनकडचं, पण पोर्तुगीज व्यापाऱ्यांनी ते दूरवर पोहोचवलं, म्हणून तुर्की, अरबी, ग्रीक भाषांत फळाला त्यांच्याच देशाचं नाव पडलं. इराणात तर आंबट फळ नारंज, गोड ते पोर्तेगाल आणि सुट्या सालीचं ते नारंगी.

आणि खुद्द पोर्तुगालमध्ये? लिस्बनच्या बाजारात आल्गार्व भागातल्या फळांचे ढीग लागले होते. विकणाऱ्या मावशींना बोट दाखवून विचारलं. त्या म्हणाल्या, "लारांजा." मी वहीत देवनागरीत लिहून घेतलं आणि बघतच राहिलो. हे तर आपलं नारिंग! दक्षिणेतल्या द्राविड भाषांतून संस्कृतात 'नारङ्ग', तिथून फारसीत 'नारंग', अरबीत 'नारंज'. अरबांनी आंबट नारिंगाची झाडं स्पेन-पोर्तुगालात नेली, झाडांबरोबर शब्दही गेला. स्पॅनिशमध्ये तो 'नारांखा' झाला, पोर्तुगीजमध्ये 'न'चा 'ल' झाला. इटालियनमध्ये सुरुवातीचा 'न' आधीच्या 'ऊना'मध्ये, म्हणजे 'एक' या शब्दात, मिसळून गेला आणि उरलं 'अरांचा'. इंग्रजीतलं ऑरेंज याच घराण्यातलं. ज्या देशाने निम्म्या जगाला या फळासाठी आपलं नाव दिलं, तो स्वतः मात्र आपल्याकडून निघालेला शब्द वापरतो. त्या ढिगाऱ्यासमोर मला जे वाटलं ते सिंत्राच्या डोंगरावर वाटलं नव्हतं.

बाजूच्या टोपलीत आपल्या संत्र्यासारखी लहान, चपटी फळं होती. ती 'तांजेरिना'. मोरोक्कोतल्या टँजियर बंदरावरून पडलेलं नाव! एक किलो घेतली.

संध्याकाळी बाबांना फोन लावला. गावी आंबिया बहारासाठी, म्हणजे हिवाळा सरताना येणाऱ्या फुलोऱ्यासाठी, बागेचा ताण तोडायचे, रोखलेलं पाणी पुन्हा सोडायचे दिवस, ते पाण्याच्या घाईत होते. तरी लारांजाची, टँजियरची सगळी गोष्ट त्यांनी ऐकून घेतली. मग विचारलं, "ते जाऊ दे. साल सुटते का त्याची?"

मी अंगठा लावला. सुटत होती, अगदी आपल्यासारखी.