मूठभर व्होल्ट

घरी जोडलेली इलेक्ट्रिक सायकल मोकळ्या रस्त्यावर गुणीच वाटते. तिची खरी परीक्षा पुण्याच्या लक्ष्मी रोडला, संध्याकाळी. पुढे पीएमपीची बस, उजवीकडे स्कूटरवर तिघं, आणि सरकायचं असतं चालत्या माणसाच्या वेगाने. रेस कणभर पिळली तर सायकल ढिम्म. आणखी कणभर पिळली की थेट बसच्या बंपरकडे. दोष रेसच्या मुठीला दिला जातो, नवी मूठ येते, तीही तशीच निघते.

मूठ बिचारी साधी असते. आत एक लोहचुंबक, त्याची हालचाल व्होल्टमध्ये सांगणारा एक हॉल सेन्सर आणि बाहेर तीन तारा: बहुधा लाल पाच व्होल्टची, काळी ग्राउंडची आणि हिरवी किंवा पांढरी सिग्नलची. मूठ सोडलेली असताना सिग्नलवर साधारण 0.8 ते 0.9 व्होल्ट मिळतात, पूर्ण पिळल्यावर 3.6 ते 4.2. हा सिग्नल वाचून मोटरला वीज सोडणारा डबा, म्हणजे कंट्रोलर, मात्र 1.1-1.2 व्होल्टच्या आसपास जागा होतो आणि बरेचदा 3.5 च्या आतच त्याचं पोट भरतं. सुरुवातीचा पीळ वाया, शेवटचाही वाया. जे काही करायचं ते मधल्या टप्प्यात.

पण खरी गोम याच्याही पुढे आहे. स्वस्त कंट्रोलर मुठीचा अर्थ वेग असा लावतो, जोर असा नाही. अर्धी मूठ म्हणजे अर्धा वेग. आणि उभ्या सायकलला तो वेग गाठून द्यायचा म्हणून करंटच्या मर्यादेपर्यंत सगळं सोडून मोकळा होतो. 36 व्होल्ट, 15 अँपिअरचा कंट्रोलर बॅटरीतून 540 वॉटपर्यंत ओढू शकतो, मोटरवर 250 छापलेलं असलं तरी. तो झटका नुसता चालवणाऱ्याला बसत नाही. चाकाच्या मध्यात बसणाऱ्या गिअरवाल्या हब मोटरमधली नायलॉनची दातेरी चाकं तो खातो, आणि ॲक्सलला फ्रेमशी जखडणारी पट्टी (टॉर्क आर्म) नसेल तर ॲक्सल खाचेत फिरून मोटरच्या तारा पिळवटते. मुठीवरून करंट ठरवणारा कंट्रोलर घेतला की हा बहुतेक त्रास मिटतो. बजेट परवडत असेल तर तोच घ्यावा, पुढचं वाचायची गरज नाही.

नसेल परवडत, तर सगळ्यात आधी सुचतो तो उपाय टाळावा. दोन रेझिस्टर लावून सिग्नल अर्ध्यावर आणायचा, की रेस मवाळ! एक तर त्याने मुठीचा सुरुवातीचा मृत टप्पा आणखी लांबतो. दुसरी गोष्ट जास्त गंभीर आहे. मुठीची ग्राउंडची तार खड्ड्यात निसटली तर सिग्नल पाच व्होल्टकडे उडतो. शहाणा कंट्रोलर इतके व्होल्ट पाहून ‘मूठ बिघडली’ म्हणत मोटर बंद करतो. मध्ये हे दोन रेझिस्टर (डिव्हायडर) असले तर त्याला दिसतात अडीचेक व्होल्ट, म्हणजे चांगली सणसणीत रेस. पुण्यात खड्डे किती, हे सांगायला नको.

बरा उपाय म्हणजे व्होल्टेज कमी न करता त्याला चढायला वेळ लावणं. सिग्नलच्या तारेत 10 किलोओहमचा रेझिस्टर, आणि त्याच्या कंट्रोलरकडच्या टोकापासून ग्राउंडला 33 मायक्रोफॅरड, 16 व्होल्टचा कपॅसिटर, ऋण टोक ग्राउंडला. दोघांचा गुणाकार, म्हणजे टाइम कॉन्स्टंट, 0.33 सेकंद; मूठ एकदम पिळली तरी पूर्ण सिग्नल पोचायला सेकंदभर लागतो. सगळं सामान पुण्याच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात, तपकीर गल्लीत, किरकोळ पैशात मिळतं. कंट्रोलरच्या आत सिग्नलपासून ग्राउंडला जोडलेला रेझिस्टर (पुल-डाउन) लहान असेल तर 10 किलोओहमवर व्होल्ट अडकतात आणि सायकल पूर्ण वेग धरत नाही. अशा वेळी 4.7 किलोओहम आणि 68 मायक्रोफॅरड लावावेत. वेळ जवळजवळ तेवढीच राहते.

एवढ्यावर थांबलं तर मात्र घात. रेस सोडल्यावर सिग्नल उतरायलाही तितकाच वेळ घेईल, आणि बंपर तर तिथेच आहे. म्हणून रेझिस्टरला समांतर एक डायोड, म्हणजे करंट एकाच दिशेने जाऊ देणारा भाग; त्याच्यावर पट्टी छापलेलं टोक मुठीकडे. 1एन4148 हाताशी असला तरी लावू नये. तो 0.6 व्होल्ट मागे ठेवतो, म्हणजे रेस सोडल्यावर कपॅसिटर आधी 1.5 व्होल्टपाशी अडतो आणि उरलेला हळूहळू रिकामा होतो. तोवर मोटर ओढतच राहते. 1एन5819 सारख्या शॉट्की डायोडवर 0.2-0.3 च राहतात. कपॅसिटर तरीही अवाढव्य नको, कारण हॉल सेन्सर एखाद-दोन मिलिअँपिअरच शोषू शकतो आणि सगळा साठा त्याच वाटेने उतरायचा असतो. ब्रेक दाबताच मोटर बंद करणारी कट-ऑफची तार या सगळ्यापासून वेगळी, थेट कंट्रोलरला हवी.

पिळायच्या मुठीऐवजी अंगठ्याची रेसही पाहावी. स्पीडब्रेकरवर मनगट आपोआप मागे वळतं आणि मूठ नको तेव्हा उघडते. अंगठ्याचं तसं होत नाही.

चाक उचलून रिकामं फिरवल्याने झटक्याबद्दल फारसं कळत नाही. मोटरची जोडणी काढून, मीटर कपॅसिटरवर लावून मूठ एकदम पिळावी: आकडा सावकाश चढला पाहिजे. सोडावी: झटकन पडला पाहिजे. उलटं घडलं, तर डायोड उलटा बसलाय.