कॅरॅव्हॅनसह हॉथमचा घाट: आधी ब्रेक, मग उतार

बेअर्न्सडेलहून ओमेओ, पुढे डिनर प्लेन, माउंट हॉथम आणि तिथून हॅरिएटव्हिलला उतरून ब्राइट. व्हिक्टोरियातला ग्रेट अल्पाइन रोड आम्ही एप्रिलमध्ये या दिशेने केला. गाडी 2018 ची टोयोटा प्रॅडो 150, 2.8 डिझेल, ऑटोमॅटिक. मागे दोन अ‍ॅक्सलची कॅरॅव्हॅन, म्हणजे गाडीने ओढायचं चाकांवरचं घर, भरल्यावर साधारण 2400 किलो. मेलबर्नमधले बरेच मराठी मित्र सध्या कॅरॅव्हॅन घ्यायच्या विचारात आहेत आणि प्रत्येकाचा पहिला प्रश्न असतो, "प्रॅडोला कुठलं ब्रेक किट टाकलंस?" माझ्या मते त्याआधी वेगळं विचारायला हवं: कॅरॅव्हॅनचे ब्रेक तिचं स्वतःचं वजन थांबवतायत का? ते नीट नसतील, तर गाडीला कितीही भारी डिस्क लावा, पाच टन थांबवायचं काम गाडीच्या चार चाकांवरच येणार.

हॉथमच्या माथ्यापासून हॅरिएटव्हिलपर्यंत रस्ता साधारण 30 किलोमीटरमध्ये 1300 मीटर खाली येतो. गाडी आणि कॅरॅव्हॅन मिळून पाच टन धरले, तर या उतारात जवळपास साडेसतरा युनिट विजेइतकी ऊर्जा कुठेतरी जिरवावी लागते. काही हवा खाते, काही टायर, बरीचशी इंजिन, पण तुम्ही खालच्या गियरमध्ये असाल तरच. उरलेली सगळी ब्रेकच्या लोखंडात उष्णता होऊन बसते.

निघण्याआधी सगळ्यात जास्त वेळ मी कॅरॅव्हॅनखाली घालवला. इलेक्ट्रिक ब्रेकमध्ये प्रत्येक ड्रममध्ये एक लोहचुंबक असतो. करंट मिळाला की तो ड्रमला चिकटू पाहतो आणि लायनर, म्हणजे ड्रमला आतून घासून चाक थांबवणारे पट्टे, दाबले जातात. एक चुंबक साधारण तीन ते चार अँपिअर खातो, म्हणजे चार चाकांना बारा ते सोळा. कॅरॅव्हॅन बनवणारे यासाठी जी वायर टाकतात ती अनेकदा फारच बारीक असते. आमच्याकडे कंट्रोलरपाशी (कॅरॅव्हॅनच्या ब्रेकना किती करंट द्यायचा ते ठरवणारं गाडीतलं यंत्र) 13 व्होल्ट होते आणि मागच्या चाकापाशी जेमतेम साडेनऊ. पूर्ण ब्रेक लावूनही चुंबकाला पाऊण ताकदच मिळत होती. कंट्रोलरपासून कपलिंगच्या, म्हणजे गाडी आणि कॅरॅव्हॅन जोडणाऱ्या सांध्याच्या, प्लगपर्यंत आणि तिथून अ‍ॅक्सलपर्यंत जाड वायर ओढली, अर्थिंगचीही वेगळी जाड वायर टाकली. चाकापाशी बारा व्होल्टच्या वर मिळायला लागले. सगळ्या तयारीत सर्वात कमी पैशात झालेलं आणि सर्वात जास्त फरक पाडणारं काम हेच.

ड्रमच्या मागच्या फटीतून ताऱ्यासारख्या दात्यांचं छोटं चाक दिसतं, त्याने लायनर सैल-घट्ट करता येतात. कॅरॅव्हॅनचं चाक जॅकवर उचलायचं, फिरवत फिरवत ते अडेपर्यंत दात्यांचं चाक घट्ट करायचं आणि मग साधारण दहा दाते मागे घ्यायचे. लायनर हलकेच घासल्याचा आवाज यावा, चाक मात्र मोकळं फिरावं. हे दर पाच हजार किलोमीटरला करा. ड्रम उघडलाच तर आतल्या सीलमधून ग्रीस लायनरवर आलंय का ते बघा. ग्रीस प्यायलेला लायनर धुऊन पूर्ववत होत नाही, तो बदलायचाच.

आता गाडीबद्दल. डिस्कवर फक्त खाचा असलेली जोडी घेतली, भोकं पाडलेली नाही, कारण सततच्या उष्णतेत भोकांपासून तडे जातात. खाचांमुळे डिस्क थंड होत नाही. पॅडवरचा वायू आणि भुकटी पुसली जाते, एवढंच. उष्णता झेलतं ते डिस्कचं वजन, म्हणून काठावर कोरलेल्या किमान जाडीच्या जवळ आलेली डिस्क घाटात नेऊ नये. पॅड टोइंगसाठीचे, म्हणजे मागे कॅरॅव्हॅन ओढणाऱ्या गाड्यांसाठीचे, जास्त तापमानाचे घेतले आणि नवे पॅड-डिस्क आधी मोकळ्या रस्त्यावर हलके-हलके ब्रेक लावत बसवून घेतले.

जुने पॅड काढले तेव्हा मागच्या उजव्या चाकाचा आतला पॅड तीन मिलिमीटर आणि बाहेरचा सात. याचा अर्थ बहुधा एकच, कॅलिपर, म्हणजे डिस्कवर पॅड दाबणारा भाग, सरकत नाहीये. एक पिन धुळीने जाम झाली होती, रबरी बूट फाटलेला. पिन साफ करून ब्रेकसाठीचं खास ग्रीस लावलं, बूट बदलले. इथे साधं ग्रीस चालत नाही, त्याने रबर फुगतं. पॅड मागवण्याआधी दोन्ही बाजूंच्या पॅडची जाडी मोजा. कुठल्याही महागड्या किटपेक्षा ते आकडे जास्त सांगतात.

आणि ब्रेक ऑइल. याकडे सगळ्यात कमी लक्ष जातं. ते हवेतलं पाणी शोषून घेतं. डॉट 4 दर्जाचं ऑइल नवं असताना किमान 230 अंशांपर्यंत उकळू नये असा निकष आहे, पाणी शोषल्यावर तोच 155 वर येतो. लांब उतारावर कॅलिपर एवढा तापू शकतो. ऑइल उकळलं की त्यात वाफेचे बुडबुडे होतात आणि पेडल मऊ पडून खाली जातं. पेडल घट्टच आहे पण गाडी थांबत नाही, असं झालं तर पॅड तापलेत. हा फरक लक्षात ठेवा, थांबल्यावर काय तपासायचं ते त्यावरून कळतं. टोइंग करत असाल तर दर दोन वर्षांनी ऑइल बदलाच.

पहिला टप्पा तांबो नदीच्या काठाने. रस्ता अरुंद, वळणांचा आणि अतिशय देखणा. ओमेओला थांबल्याथांबल्या बायकोने इन्फ्रारेड थर्मामीटर चारही ड्रमवर धरला. तीन ड्रम नव्वद अंशांच्या आसपास. "अरे, डावीकडचं मागचं थंड आहे," ती म्हणाली. पस्तीस. ड्रममागची जोडवायर ओढून पाहिली तर दाबून बसवलेल्या जोडात तांबं हिरवं पडलेलं, हात लावताच निसटली. तेवढा तुकडा कापून गरम करून चिकटणाऱ्या नळीचा नवा जोड दिला. दुसऱ्या दिवशी सकाळी गावाबाहेरच्या उतारावर चार-पाच ब्रेक मारून पुन्हा मोजलं, चारही सारखे. वीस-तीस डॉलरचा हा थर्मामीटर प्रत्येक टोइंग करणाऱ्याकडे असावा. फक्त चकचकीत डिस्कवर तो खोटं, कमी तापमान दाखवतो, म्हणून डिस्कच्या गंजलेल्या काठावर धरा. आकड्यापेक्षा डावं-उजवं यातला फरक महत्त्वाचा.

हॉथमवर हवा स्वच्छ होती, समोर फेदरटॉप डोंगराचा कडा, आणि वणव्यांत जळालेल्या स्नो गम झाडांचे पांढरे सांगाडे मैलोन्‌मैल. उतरायला सुरुवात करण्याआधी गाडी एस मोडमध्ये, म्हणजे गियर हाताने ठरवता येतो त्या मोडमध्ये घेतली, तिसरा गियर, पुढे तीव्र उतारावर दुसरा. क्रूझ कंट्रोल बंद. ज्या गियरमध्ये घाट चढायचा त्याच गियरमध्ये उतरायचा, हे कसारा घाटातल्या कुठल्याही ट्रकवाल्याला ठाऊक असलेलं सूत्र इथेही तसंच लागू आहे. वेग पस्तीस-चाळीस. पेडलवर पाय टेकवून ठेवायचा नाही. वेग वाढला की नीट दाबून दहाने कमी करायचा आणि पूर्ण सोडायचा, म्हणजे मधल्या वेळात लोखंडाला हवा मिळते. कंट्रोलर सपाटीला चाळीसच्या वेगात चाकं घसरायच्या जरा आधीपर्यंत लावला होता, उतारावर एक घर वाढवला.

मागे गाड्या साचल्या की बाजूपट्टीवर थांबून त्यांना जाऊ दिलं. अशा एका थांब्यावर पुढच्या डिस्कचा काठ 210 आणि ड्रम 140-150 च्या दरम्यान होते. म्हणजे कॅरॅव्हॅन आपला वाटा उचलत होती. तापलेल्या ब्रेकवर पाणी ओतू नका, आणि थांबल्यावर पेडल दाबून धरू नका, डिस्कवर पॅड दाबून राहतो तिथे डाग बसतो. गियर पी (पार्क) वर घ्या आणि चाकांना पाचर लावा. हॅरिएटव्हिलच्या थोडं वर मेग नावाचं वळण आहे. तिथे वेग आधीच मोडून घ्या, वळणात ब्रेक मारायची वेळ येऊ देऊ नका.

कायद्याचं थोडक्यात: ऑस्ट्रेलियात 2000 किलोंवरच्या ट्रेलरला सगळ्या चाकांवर ब्रेक लागतात आणि कपलिंग तुटलं तर आपोआप लागणारा ब्रेकही, जो किमान 15 मिनिटं धरून ठेवेल. त्याची बॅटरी तपासायची तर गाडीचा प्लग काढा, त्या ब्रेकच्या स्विचची पिन ओढा आणि चाकं जखडतात का बघा. पिनची तार गाडीला बांधा, सेफ्टी चेनला नव्हे.

जाणार असाल तर एप्रिल ते मेची सुरुवात बघा, ब्राइटची झाडं तेव्हा लाल-पिवळी होतात. जूनपासून ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत बर्फाचा हंगाम असतो आणि हॉथमवर टायरला लावायच्या बर्फाच्या चेन सोबत बाळगणं सक्तीचं. त्या काळात कॅरॅव्हॅन ब्राइटलाच उभी करा आणि वर नुसती गाडी न्या.