ऐकू सारखंच येतं, मग लिहायचं कसं?

इंग्लंडमध्ये सहा-सात वर्षांची मुलं ‘इयर टू’मध्ये असतात. त्या वर्षाच्या सरकारी अभ्यासक्रमात एक छोटी यादी आहे: ऐकायला सारखे, लिहायला वेगळे असे शब्द. समुद्रही ‘सी’ आणि बघणंही ‘सी’. सूर्यही ‘सन’, मुलगाही ‘सन’. रात्र ‘नाइट’ आणि चिलखतातला योद्धाही ‘नाइट’. हे देवनागरीत लिहायला घेतलं की सगळा घोळच गायब होतो! फरक दाखवायचा तर ‘एस-ई-ए’ आणि ‘एस-ई-ई’ अशी अक्षरं सांगत बसावं लागतं.

इथवर मुलं येतात ती फोनिक्सच्या वाटेने. चौथ्या-पाचव्या वर्षी शाळेत गेल्या गेल्या अक्षरांची नावं बाजूला ठेवून त्यांचे आवाज शिकवतात. इंग्रजीत अक्षरं 26 आणि ध्वनी साधारण 44, त्यामुळे एका आवाजाला अनेक स्पेलिंगं असतात हे मुलांना लवकर कळतं. 2012 पासून इयर वनच्या मुलांची एक छोटी तपासणीही होते. 40 शब्द मोठ्याने वाचायचे, त्यातले 20 चक्क बनावट. त्या बनावट शब्दांशेजारी एखाद्या विचित्र प्राण्याचं चित्र असतं, म्हणजे मूल त्यात ओळखीचा शब्द शोधत बसत नाही. मला हा प्रकार फार आवडतो. अंदाजपंचे वाचण्याची सोयच ठेवलेली नाही.

पण लिहिताना हीच विद्या अपुरी पडते. ‘रेन’ लिही म्हटलं तर पाऊस, घोड्याचा लगाम की राजाची कारकीर्द? आवाजाच्या हिशेबाने तिन्ही स्पेलिंगं बरोबर. मुलाने चूक केलेली नसते, त्याने शिकवलेलं तंतोतंत पाळलेलं असतं.

मी आठवड्यातून एकदा दुपारी मुलांचं वाचन ऐकायला शाळेत जाते. बरेच पालक जातात. तिथे एकदा एका मुलाने आपल्या छोट्या पांढऱ्या फळ्यावर ‘मला ऐकू येतं’ असं इंग्रजीत लिहिलं, पण ‘हिअर’ लिहिलं ते ‘इथे’ या अर्थाचं. बाईंनी खोडलं नाही. “कशाने ऐकतोस?” एवढंच विचारलं. त्याने कानाला हात लावला. बाईंनी फळ्यावर ‘ई-ए-आर’, म्हणजे कान, लिहिलं आणि म्हणाल्या, आता याच्या आधी एच लाव. पोराचा चेहरा बघण्यासारखा झाला. ऐकण्याच्या शब्दात कान बसलेला आहे, हे त्याला कायमचं कळलं.

‘इथे’वालं ‘हिअर’ बाईंनी त्या दिवशी काढलंच नाही. ते नंतर कधीतरी, ‘देअर’ आणि ‘व्हेअर’सोबत आलं. इथे, तिथे, कुठे. तिन्ही जागेचे शब्द, आणि ‘एच-ई-आर-ई’ ही अक्षरं तिन्हींच्या पोटात. ‘दोन’च्या ‘टू’मधला मुका डब्ल्यूही असाच सुटला: ट्विन, ट्वाइस, ट्वेल्व्ह, ट्वेंटी. या सगळ्यांत तो चांगला ऐकू येतो आणि सगळ्यांत दोनाचा संबंध आहे. बाजारात मिळणाऱ्या सरावाच्या वह्यांत मात्र दोन जुळे शब्द शेजारी छापून ‘योग्य शब्द निवडा’ म्हणतात. माझ्या मते लहान मुलांसाठी हे उलटं काम आहे. जोडी एकदम शिकवली की जोडी लक्षात राहते आणि कोणतं कुठलं, ते विसरतं. शब्द आवाजाच्या जुळ्यापेक्षा अर्थाच्या भावंडांत नेऊन बसवावा.

योद्ध्याच्या ‘नाइट’मधला सुरुवातीचा के एके काळी खरोखर उच्चारत असत, आणि मधला जी-एचसुद्धा. 1476 मध्ये कॅक्स्टनने इंग्लंडमध्ये छापखाना आणला, हळूहळू स्पेलिंगं पक्की होत गेली आणि उच्चार मात्र पुढे सरकत राहिले. मुलांना ही गोष्ट सांगितली की आठवडाभर वर्गात ‘क्नाइट’ चालतं.

आता आमच्या घरची पंचाईत. सारखं ऐकू येणं हे तोंडावर आणि कानावर अवलंबून असतं. दक्षिण इंग्लंडात ‘कॉट’ (पकडलं) आणि ‘कोर्ट’ जवळजवळ एकच, कारण तिथला र उच्चारतच नाहीत. स्कॉटलंडात तो स्वच्छ वाजतो आणि आपल्या मराठी तोंडातही, त्यामुळे आमच्या लेकीला ही जोडी कधी अवघड गेली नाही. पण तिने स्वतः जमवलेल्या यादीत ‘वेस्ट’ म्हणजे बनियन आणि ‘वेस्ट’ म्हणजे पश्चिम हे जुळे म्हणून लिहिले. बाईंनी शेजारी प्रश्नचिन्ह काढलं. आपला व इंग्रजीच्या व्ही आणि डब्ल्यूच्या मधोमध कुठेतरी पडतो, तेव्हा घरी ऐकलेल्या हिशेबाने यादी बरोबरच होती. आता आम्ही आरशासमोर खेळतो. व्हीला वरचे दात खालच्या ओठावर, डब्ल्यूला शीळ घालताना करतो तसे गोल ओठ. डोळ्यांना दिसलं की कान मागोमाग येतो.

याच नादात मराठीचा खेळही सुरू झाला. आपल्याकडे ‘दिन’ आणि ‘दीन’सारख्या जोड्या आहेतच, पण मुलांना जास्त मजा येते ती एकाच स्पेलिंगच्या शब्दांत. तो हार गळ्यात, ती हार खेळात. ती मान दुखते, तो मान मिळतो. तो पाठ वाचायचा, ती पाठ खाजवायची. इंग्रजी स्पेलिंग बदलून जे सांगते, ते मराठी लिंग बदलून सांगते. परदेशात वाढणाऱ्या मुलांना ‘तो-ती-ते’ म्हणजे निव्वळ जाच वाटतो. इथे पहिल्यांदाच त्याचा काहीतरी उपयोग दिसला.

परवा लेकीने ‘वेळ’ पकडला. “कधी तू ‘किती वेळ लागला’ म्हणतेस आणि कधी ‘ही काय यायची वेळ झाली’. मग तो की ती?” दोन्ही, म्हटलं. मोजायचा असेल तर तो, घड्याळात बघायची असेल तर ती. तिने लगेच वहीत दोन रकाने आखले.