हात कुठे टेकतो

श्रावणात शाळा सुटली की आपली कितीतरी मुलं गणपतीच्या शाळेत, म्हणजे मूर्ती घडवतात त्या कारखान्यात, जाऊन बसतात. आमच्या वेळीही तसंच होतं. महोत्सवी अंकात लिहायचं तर त्यांच्यासाठीच लिहावं, आणि तेही गौरीच्या मांडीवरच्या बाळगणेशाबद्दल. ही मूर्ती अवघड, कारण तिच्यात माया दिसावी लागते. चेहऱ्यावर हसू रंगवून ती येत नाही. दोन शरीरं टेकतात तिथे येते.

घारापुरीच्या लेण्यातलं शिवपार्वतीचं लग्न निवांत बघा. एरवी डावीकडे असणारी पार्वती इथे शिवाच्या उजवीकडे आहे, कारण लग्न अजून लागायचंय. मान झुकलेली, मागून वडील तिला पुढे करताहेत. मूर्ती बरीच भंगलेली आहे, तरी तिचा संकोच कळतो, तो अंगाच्या कलण्यामुळे. अलिबागजवळ सासवण्याला शिल्पकार नानासाहेब करमरकरांच्या (१८९१-१९६७) संग्रहालयातही चेहऱ्यांआधी माना आणि खांदे बघा.

आता शाडू. बाळ वेगळं सुकवून मग मांडीवर चिकटवलं तर ते फळीवर ठेवल्यासारखं दिसतं. दोन्ही मऊ असतानाच ते हलकं दाबून बसवायचं. मांडी जराशी खचते, कडेची माती फुगते. तो फुगवटा कोरणीने साफ करू नका, बाळाचं वजन त्यातच दिसतं. मग आईचा पंजा. बाळाच्या पाठीवर प्रत्येक बोटासाठी आधी उथळ खळगा करा, दोन बोटांमधली माती किंचित वर येऊ द्या. करंगळी सैल ठेवा. पाचही बोटं सारखी रुतली तर माया जाते, आईने पोराला आवळलंय असं वाटतं.

जोड सुटतो तो बहुधा ओलाव्यातल्या फरकामुळे. ओली माती सुकताना आकसते, आधीच सुकलेली आकसत नाही, की सांध्यावर भेग पडलीच. दोन्ही भाग सारखे ओले हवेत: दाबलं तर खळगा पडावा, पण बोटाला माती लागू नये. दोन्हीकडे खरवडून, पातळ शाडू लावून दाबा. मनगटाच्या मातीत काथ्याचे बारीक तंतू मळा. मांडी इंचापेक्षा जाड झाली तर खालून पोखरा, नाहीतर वरून सुकते आणि आत ओल राहते. पावसात सुकायला उशीर होतो म्हणून पंखा लावू नका. बोटं बारीक, ती आधी सुकून तडकतात. त्यांच्यावर ओलं फडकं ठेवा, बाकीची मूर्ती उघडी.

रंगवताना त्या बोटांभोवती काळी रेघ ओढू नका. खळगे नीट पडले असतील तर सावली आपोआप पडते.