नाभीवरचा खांब

तुम्ही विचारलंत म्हणून लिहितो. बोर्निओ बेटावरच्या साबा या मलेशियाच्या राज्यातल्या माझ्या नोकरीच्या गोष्टी निघाल्या आणि त्यांत ताउसुग लोकांच्या नऊ खांबांच्या घराचा उल्लेख आला, की ऐकणाऱ्यांपैकी कोणीतरी हमखास म्हणते, "अहो, मग हा आपला वास्तुपुरुषच झाला की! आपल्याकडूनच तिकडे गेला असणार, नाही का?" आजवर मी हसून वेळ मारून नेत आलो. परंतु हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. त्याचे उत्तर 'नाही' असे असले, तरी ते 'नाही' का, हे सांगताना त्या घराचे खरे वेगळेपण हाती लागते.

ताउसुग हे दक्षिण फिलिपिन्समधल्या सुलू द्वीपसमूहाचे, त्यातही मुख्यत्वे जोलो बेटाचे लोक. 'ताउ' म्हणजे माणूस आणि 'सुग' म्हणजे समुद्राचा प्रवाह. मिंदानाओ आणि बोर्निओ यांच्यामधल्या प्रवाहांत वाढलेल्या या दर्यावर्दी मुसलमान समाजाची सल्तनत पंधराव्या शतकापासून होती, आणि त्यांच्यापैकी बरेच जण पिढ्यान्‌पिढ्या समुद्रापलीकडे साबामध्येही राहतात. तिथे त्यांना सुलुक म्हणतात. सांदाकानजवळच्या आमच्या बांधकामावर शटरिंगचे काम करणारे बहुतेक सुतार सुलुक होते. त्यांच्यातल्या सर्वांत वयस्कर सुताराला आम्ही सगळे तिथल्या रीतीप्रमाणे 'पाक चिक', म्हणजे काका, म्हणत असू. एका पावसाळी दुपारी काम थांबलेले असताना मी त्यांना त्यांच्या मूळच्या घरांविषयी विचारले. त्यांनी कानावरची पेन्सिल काढून प्लायवूडच्या तुकड्यावर तीन-तीनच्या ओळींत नऊ ठिपके काढले, आणि मधल्या ठिपक्यावर बोट ठेवून दुसरा हात स्वतःच्या बेंबीवर ठेवला.

या घराला 'बाय सिनुग' म्हणतात. मराठी कानाला 'बाय' म्हटले की कोकणातली बाय आठवते, परंतु तिथे तो घराचा शब्द आहे. तागालोगमधला 'बहाय' आणि मलयमधला 'बलाई' हे त्याचेच भाऊबंद. घर जमिनीपासून वर, खांबांवर उभे असते. आत एकच मोठी खोली, भिंती चिरलेल्या बांबूच्या तट्ट्यांच्या किंवा फळ्यांच्या आणि वर ताडाच्या जातीतल्या झाडांच्या पानांचे उतरते छप्पर. स्वयंपाकघर वेगळे बांधलेले असते आणि पडवीसारख्या उघड्या जागेवरून तिकडे जावे लागते. पानांच्या छपराच्या घरात चूल लांब ठेवण्यातला शहाणपणा कोणालाही कळेल. मला अधिक लक्षणीय वाटते ती एकच खोली. झोपणे, पाहुण्यांना बसवणे, लग्नकार्य हे सगळे एकाच जागेत होते, आणि कोणत्या वेळी ती जागा काय आहे हे भिंती ठरवत नाहीत, तर चटया, पडदे आणि माणसांची बसण्याची रीत ठरवते.

हे सारे ज्या नऊ खांबांवर तोललेले असते, त्यांतला प्रत्येक खांब मानवी शरीराच्या एकेका भागाचा मानला जातो. आठ खांब कडेने, आठ दिशांना, आणि नववा मधोमध. हा मधला खांब म्हणजे घराची नाभी. आठ दिशा, नवांचा आकडा आणि शरीर हे तिन्ही एकत्र आले की मराठी माणसाला वास्तुपुरुषमंडल आठवणारच, आणि त्याबद्दल मी कोणाला दोष देत नाही.

मात्र आपला वास्तुपुरुष काय आहे, तेही नीट आठवून पाहावे. तो ईशान्येला डोके करून जमिनीवर दाबून धरलेला पुरुष आहे. त्याच्या अंगावर देवता बसलेल्या आहेत, आणि आपण त्याच्यावर घर बांधतो म्हणून त्याची शांत करतो व त्याची प्रतिमा आग्नेय कोपऱ्यात पुरतो. घर वेगळे, तो वेगळा. त्याच्या नाभीचे स्थान मंडलाच्या मध्यभागी येते, ते ब्रह्मस्थान. तिथे खांब रोवू नये, भार देऊ नये, असे आपले शास्त्र बजावते, कारण ते मर्म आहे. जुन्या वाड्यांमध्ये मधोमध मोकळा चौक असे, तो याच विचाराशी जुळणारा. ताउसुग घरात नेमके उलटे आहे. जिथे आपण खांब टाळतो, तिथेच त्यांचा सर्वांत महत्त्वाचा खांब उभा असतो. तिथे घराखाली कोणी निजलेले नाही, घर स्वतःच शरीर आहे, आणि खांब त्या शरीराला टोचत नाहीत, कारण ते त्याचेच अवयव आहेत. एकाची नक्कल दुसऱ्याने केली असती, तर आठ दिशा राहून मधला निषेध असा उलटा झाला नसता.

शिवाय, या कल्पनेचे सख्खे नातलग त्यांच्या शेजारीच सापडतात. सुलावेसीमधल्या बुगिस लोकांच्या घरातही एक खांब घराची नाभी मानला जातो. त्याला 'पोसी बोला' म्हणतात, आणि त्याचा शब्दशः अर्थ तोच आहे. मादागास्करपासून पॅसिफिकपर्यंत पसरलेल्या ऑस्ट्रोनेशियन या त्यांच्या भाषाकुळात घराला देह मानण्याची रीत ठिकठिकाणी आढळते. तिचे मूळ शोधायला काशी किंवा पैठणपर्यंत येण्याची गरज नाही.

म्हणून आपला त्यांच्याशी काहीच संबंध नाही, असेही नव्हे. संबंध आहे, पण तो शब्दांतून गेलेला आहे. ताउसुग आपल्या बोलीला 'बहासा सुग' म्हणतात. त्यातला 'बहासा' म्हणजे आपली 'भाषा'. त्यांच्या तटबंदीचे नाव 'कुता', म्हणजे आपला 'कोट'. कोटा किनाबालू या साबाच्या राजधानीच्या नावातही तो बसला आहे. घराच्या आढ्याच्या टोकांवर ते 'ताजुक पासुंग' नावाचे कोरीव तुरे बसवतात, आणि त्यांतल्या एका आकाराचे नाव 'नागा', म्हणजे आपला नाग. त्यांची 'उक्किल' ही कोरीव कामाची शैली मात्र हा नाग सरळ दाखवत नाही. तो वेलीसारखा वळत, पानांत मिसळत जातो आणि पाहणाऱ्याला साप आणि वेल यांमध्ये निवड करता येत नाही. शब्द आपल्याकडचा असला, तरी ही वळणे सर्वस्वी त्यांची आहेत. शब्द उसना घेतल्याने घर उसने होत नाही, एवढे आपण आपल्या 'मेज' आणि 'दरवाजा' यांवरून ओळखायला हवे.

याच शैलीचे थोरले रूप मायम्बुंगच्या सुलतानाच्या लाकडी राजवाड्यात होते. 1876 साली स्पॅनिशांनी जोलो शहर जिंकल्यावर सल्तनतीचे ठाणे त्याच बेटावरच्या मायम्बुंगला गेले आणि तिथे 'दारू जम्बंगन', म्हणजे फुलांचा महाल, उभा राहिला. (आपल्याला 'दारू' ऐकून हसू येते, पण तो अरबी 'दार', म्हणजे घर.) 1932 सालच्या वादळात तो कोसळला. फेब्रुवारी 1974 मध्ये बंडखोर आणि सरकारी फौज यांच्या लढाईत जोलो शहर जळाले आणि हजारो माणसे निर्वासित झाली. लाकूड, बांबू आणि पानांची घरे अशा आगीत किती टिकणार? नंतर तिथे आणि साबामध्येही सिमेंट आणि पत्रे आले, आणि खांब किती व कुठे हे खोल्यांच्या मागणीवर ठरू लागले.

पाक चिकनीही आयुष्यभर सिमेंटच्याच घरांची शटरिंगे बांधली होती. त्या दुपारी पाऊस थांबल्यावर त्यांनी पेन्सिल पुन्हा कानावर ठेवली आणि तो नऊ ठिपक्यांचा तुकडा मापाने कापून स्लॅबच्या एका कोपऱ्यात बसवला. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यावर काँक्रीट पडले.